दिल्लीच्या विद्यापीठांतलं वाचन: यादीपासून तळटीपेपर्यंत

बारावीपर्यंत ‘एकवीस अपेक्षित’वर वाढलेला मुलगा सीयूईटी देऊन दिल्ली विद्यापीठात इतिहास किंवा समाजशास्त्र शिकायला जातो, तेव्हा पहिल्याच आठवड्यात त्याची पंचाईत होते. इंग्रजीची धास्ती त्यानं घरूनच नेलेली असते, तिचं एवढं काही वाटत नाही. पंचाईत होते ती पुस्तकाची. ‘या पेपरचं टेक्स्टबुक कोणतं?’ असं विचारलं की वरच्या वर्गातली मुलं त्याला अभ्यासक्रमाची पीडीएफ पाठवून देतात. तीत प्रत्येक युनिटखाली यादी असते: अमुक लेखकाचं अमुक पुस्तक, त्यातलं तिसरं प्रकरण, पान इतके ते इतके, तमुक नियतकालिकातला एक लेख, एखाद्या संपादित ग्रंथाची फक्त प्रस्तावना. काही विषयांत तर कोणत्या युनिटला साधारण किती आठवडे द्यायचे तेही छापलेलं असतं. या यादीतल्या एकेका नगाला तिथं ‘रीडिंग’ म्हणतात. ‘या आठवड्याची रीडिंग्ज केलीस का?’ हा दिल्ली विद्यापीठात आणि जेएनयूत चहाच्या टपरीवरचाही प्रश्न असतो.

दिल्लीतल्या सामाजिक शास्त्रांच्या आणि साहित्याच्या वाचनाचं माप हे असं आहे, वीस-तीस पानांचं. अभ्यासक्रम, झेरॉक्सची दुकानं, ग्रंथालयं, कोर्टाचे निकाल, सरकारची वर्गणी, हे सगळं त्या वीस-तीस पानांभोवती रचलेलं आहे. ते कसं चालतं हे आधी समजून घेतलं तर तिथं गेल्यावर निम्मी दमछाक वाचते.

यादी बनते कशी? विभागातली प्राध्यापक मंडळी समितीत बसून ती तयार करतात, विद्याशाखेकडून ती विद्वत परिषदेपुढे जाते आणि मंजूर होते. ऐकायला हे रुक्ष वाटतं, पण दिल्लीतली मोठमोठी भांडणं या यादीवरूनच झाली आहेत. ऑक्टोबर २०११ मध्ये विद्वत परिषदेनं ए. के. रामानुजन यांचा रामायणाच्या अनेक रूपांवरचा निबंध बी. ए. इतिहासाच्या यादीतून काढला, तेव्हा विद्यापीठात मोर्चे निघाले. २०२१ मध्ये इंग्रजीच्या यादीतून महाश्वेता देवींची ‘द्रौपदी’ कथा आणि बामा, सुकिर्तराणी या दलित लेखिकांचं लेखन वगळलं गेलं, तेव्हाही वाद पेटला. एका निबंधानं एवढं काय होतं, असं बाहेरच्याला वाटेल. पण यादीत नाही म्हणजे झेरॉक्सच्या गठ्ठ्यात नाही, वर्गात नाही, परीक्षेत नाही. पुढच्या पिढ्यांनी काय वाचलेलं असेल ते या कागदावर ठरतं, आणि भांडणाऱ्यांना ते पक्कं ठाऊक असतं.

मंजूर झालेली यादी वर्गात येईपर्यंत बारीक होते. दहा रीडिंग्जपैकी शिक्षक तीन ‘कम्पल्सरी’ म्हणून सांगतात, आणि मागच्या चार-पाच वर्षांच्या प्रश्नपत्रिका बघून मुलं त्यातली दोन ठेवतात. याचा सगळा दोष आळसाला देऊ नये. २०२२ पासून लागू झालेल्या चार वर्षांच्या पदवी आराखड्यात एका सत्रात मुख्य विषयाचे तीन पेपर, दुसऱ्या शाखेचा एक आणि भाषा, कौशल्य, मूल्यशिक्षण यांचे एकेक, असे सात पेपर असतात. याद्या जुन्या, तीन-चार पेपरांच्या काळातल्या ऐसपैस मापाच्या राहिल्या आणि दिवस तेवढेच. माझ्या मते दिल्लीतल्या पदवीच्या मुलांचं वाचन आटलं असेल तर त्याचं पहिलं कारण मोबाइल नाही, हे वेळापत्रक आहे.

आता रीडिंग हातात कशी पडते ते पाहू. विश्वविद्यालय मेट्रो स्टेशनपासून चालत जाण्याच्या अंतरावर वल्लभभाई पटेल चेस्ट इन्स्टिट्यूट आहे. छातीच्या रोगांवर संशोधन करणारी ही संस्था १९४९ सालची. पण नॉर्थ कॅम्पसमध्ये ‘पटेल चेस्ट जाऊन येतो’ म्हटलं की कुणी तब्येत विचारत नाही. समोरच्या गल्ल्या फोटोकॉपीच्या दुकानांनी भरलेल्या आहेत. काउंटरवर कोर्सचं नाव, सत्र आणि पेपर सांगितला की दुकानदार मागच्या फळीवरून तयार गठ्ठा काढतो. प्रबंधांची बांधणी, टायपिंग, जुन्या प्रश्नपत्रिका हेही तिथंच.

असा गठ्ठा जवळून पाहण्यासारखा असतो. पुस्तकाची दोन पानं एका आडव्या कागदावर, मध्ये पुस्तकाच्या शिवणीची काळी सावली. त्या सावलीत प्रत्येक ओळीची शेवटची दोन-तीन अक्षरं बुडालेली. समासात कुणीतरी पूर्वी पेन्सिलीनं केलेल्या खुणा छापील मजकुराइतक्याच ठळक. त्या कुणी, कोणत्या साली केल्या हे कुणालाच माहीत नसतं, पण ज्याच्याखाली रेघ आहे तेच वाक्य चाळीस जणांच्या उत्तरपत्रिकेत उतरतं. आणि सगळ्यात वाईट म्हणजे पानाचा खालचा भाग अनेकदा कापलेला, म्हणजे तळटीपा गायब. लेखक कुणाशी वाद घालतो आहे हे तळटीपेतच असतं, त्यामुळे तो भाग गेला की लेखकाचं म्हणणं आकाशवाणीसारखं वाटायला लागतं. म्हणून पहिली व्यावहारिक सूचना: गठ्ठा घेताना पानाचा तळ तपासा. तळटीपा नसतील तर ग्रंथालयात जाऊन मूळ प्रतीवरून तेवढ्या उतरवून घ्या.

हे सगळं कायदेशीर आहे का, असा प्रश्न मनात येईलच. याचं उत्तर दिल्लीच्याच एका दुकानानं देशाला मिळवून दिलं. दिल्ली स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सच्या आवारात ‘रामेश्वरी फोटोकॉपी सर्व्हिसेस’ नावाचं छोटं दुकान आहे. विद्यापीठानं त्याला परवाना दिलेला होता. मुलांकडून पानाला ४० पैसे घ्यायचे आणि ग्रंथालयाला महिन्याला ३,००० पानांपर्यंत फुकट काढून द्यायची, अशी त्यात अट होती. शिक्षक यादी द्यायचे, ग्रंथालयातून पुस्तक निघायचं, नेमून दिलेल्या पानांची एक मूळ प्रत तयार व्हायची आणि तिच्यावरून पेपरवार ‘कोर्स पॅक’ बांधले जायचे. ऑगस्ट २०१२ मध्ये ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि टेलर अँड फ्रान्सिस या प्रकाशकांनी दुकान आणि विद्यापीठ या दोघांवर दिल्ली उच्च न्यायालयात दावा लावला. कोर्स पॅक हा कॉपीराइटचा भंग आहे, विद्यापीठानं परवाना शुल्क भरावं, नुकसानभरपाई ६० लाख रुपये. ऑक्टोबरमध्ये दुकानावर अंतरिम मनाई आली. विद्यार्थ्यांची आणि शिक्षकांची एकेक संघटना खटल्यात सामील झाली. ज्यांची पानं झेरॉक्स होत होती अशा लेखकांपैकी कित्येकांनी प्रकाशकांना पत्र लिहून दावा मागे घ्यायला सांगितलं. सह्या तीनशेहून अधिक लेखक-अभ्यासकांच्या; अमर्त्य सेन यांनीही प्रकाशकांना वेगळं लिहिलं.

१६ सप्टेंबर २०१६ रोजी न्यायमूर्ती राजीव सहाय एंडलॉ यांनी दावा फेटाळला. कॉपीराइट कायदा १९५७ सालचा. त्याच्या कलम ५२(१)(आय) मध्ये, शिकवण्याच्या ओघात शिक्षकानं किंवा विद्यार्थ्यानं केलेली नक्कल हा भंग नाही, असं म्हटलं आहे. प्रकाशकांचं म्हणणं होतं की ‘शिकवण्याच्या ओघात’ म्हणजे फक्त तासात, फळ्यासमोर. न्यायालयानं अर्थ व्यापक घेतला: शिकवणं अभ्यासक्रम ठरण्यापासून परीक्षेपर्यंत चालतं, तयारीचं वाचन त्यात आलंच, आणि विद्यार्थ्यानं स्वतः केलेली नक्कल चालते तर ती दुकानदाराकडून करून घेतल्यानं बेकायदा होत नाही. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये खंडपीठानं हा अर्थ मान्य केला, पण निवडलेली पानं खरोखरच अभ्यासक्रमाच्या गरजेपुरती आहेत का हे तपासायला दावा पुन्हा चालवायला सांगितला. मनाई मात्र दिली नाही. मार्च २०१७ मध्ये प्रकाशकांनी दावा मागे घेतला, आणि मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयानंही यात हात घालायला नकार दिला.

या निकालाचा अर्थ ‘काहीही झेरॉक्स करा’ असा कॅम्पसवर काढला जातो. तो चुकीचा आहे. संरक्षण मिळालं ते शिकवण्यासाठी नेमलेल्या पानांना. अख्खं पुस्तक छापून पदपथावर विकणं पूर्वीही गुन्हा होता, आजही आहे. पण एखादा नांदेडचा किंवा नाशिकचा प्राध्यापक ‘कॉपीराइटमुळे मुलांना लेख देता येत नाही’ म्हणाला, तर त्याला कलमाचा आकडा सांगायला हरकत नाही.

कागदी गठ्ठा आता मागे पडतो आहे. वर्गाचा व्हॉट्सॲप ग्रुप, त्यात एका ड्राइव्हचा दुवा, त्यात सत्रवार फोल्डर, असा हा नवा कोर्स पॅक. तो पिढीजात चालत येतो. वरच्या वर्गानं खालच्या वर्गाला दिलेला, आणि म्हणून कधीकधी रद्द झालेल्या अभ्यासक्रमाचाही. याच्या जोडीला अनेक वर्षं साय-हब होतं. कझाकस्तानच्या अलेक्झांड्रा एल्बाकयान यांनी २०११ मध्ये सुरू केलेलं, वर्गणीतले शोधनिबंध फुकट देणारं हे संकेतस्थळ शास्त्र शाखेच्या संशोधकांचं तर नित्याचं होतं, आणि त्यात विद्यार्थी-प्राध्यापक असा भेद नव्हता. त्यावर एल्सेव्हियर, वायली आणि अमेरिकन केमिकल सोसायटी यांनी डिसेंबर २०२० मध्ये दिल्ली उच्च न्यायालयातच दावा लावला. ऑगस्ट २०२५ मध्ये न्यायालयानं ते भारतात बंद करण्याचा आदेश दिला.

दरम्यान केंद्र सरकारनं दुसरा रस्ता काढला होता. ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ ही योजना मंत्रिमंडळानं २५ नोव्हेंबर २०२४ रोजी मंजूर केली आणि १ जानेवारी २०२५ पासून ती चालू झाली. ३० प्रकाशकांची जवळपास १३,००० नियतकालिकं, ६,३०० हून अधिक सरकारी संस्था, तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये. व्यवहार इन्फ्लिबनेट ही गांधीनगरची संस्था पाहते. पूर्वी प्रत्येक विद्यापीठ आपल्या ऐपतीप्रमाणे नियतकालिकं घ्यायचं, म्हणजे जेएनयूत मिळणारा लेख शेजारच्या छोट्या महाविद्यालयात मिळायचा नाही. आता संस्थेच्या नावानं लॉग-इन केलं की तो घरबसल्या उघडतो. एनसीआरमध्ये मात्र एक गंमत झाली आहे. सोनिपतचं अशोका किंवा दादरीचं शिव नाडर यांसारखी खासगी विद्यापीठं या पहिल्या टप्प्यात नाहीत, त्यांना आपापली वर्गणी भरावी लागते. त्यामुळे फी लाखांत भरणाऱ्यापेक्षा हजारांत भरणाऱ्या मुलाला कधीकधी जास्त नियतकालिकं उघडता येतात. पण लॉग-इनची सोय आहे हेच कित्येकांना माहीत नसतं. प्रवेश झाल्यावर पहिल्या आठवड्यात ग्रंथालयात जाऊन ‘रिमोट अ‍ॅक्सेस’चा अर्ज भरणं, ही दुसरी सूचना.

मग ग्रंथालयात जायचं तरी कशाला? कारण याद्या नियतकालिकांवर संपत नाहीत, पुस्तकं वर्गणीत नसतात. दिल्ली विद्यापीठाची ग्रंथालयं तिसाहून अधिक आहेत. त्यांतलं सामाजिक शास्त्रांचं म्हणजे दिल्ली स्कूलमधलं रतन टाटा ग्रंथालय. जेएनयूचं नऊ मजल्यांचं आंबेडकर केंद्रीय ग्रंथालय लांबूनच दिसतं. तिथं १९७० च्या दशकापासूनच्या वर्तमानपत्री कात्रणांचा विषयवार संग्रह आहे. आणीबाणीनंतरचा एखादा संप किंवा दुष्काळ शोधायचा तर त्यापेक्षा सोपी जागा मला ठाऊक नाही. तिथंच जेएनयूच्या आवारात डेलनेट आहे. १९८८ मध्ये इंडिया इंटरनॅशनल सेंटरच्या ग्रंथालयातून सुरू झालेलं हे ग्रंथालयांचं जाळं. आपल्या ग्रंथालयात नसलेलं पुस्तक दुसऱ्या सदस्य ग्रंथालयातून मागवून घ्यायची ही सोय आहे, पण ती ग्रंथपालांमार्फतच होते, म्हणजे त्यांच्याशी बोलावं लागतं. दिल्लीतला नवखा विद्यार्थी ग्रंथपालाला कारकून समजून चालतो आणि आपलंच नुकसान करून घेतो. ग्रंथालयशास्त्राचे प्रणेते रंगनाथन १९४७ पासून काही वर्षं याच विद्यापीठात शिकवत होते. वाचकाचा वेळ वाचवा, हे त्यांच्या पाच सूत्रांतलं चौथं.

मराठीतलं काही हवं असेल तर मंडी हाउसला रवींद्र भवनात साहित्य अकादमीचं ग्रंथालय आहे, तिथं मराठीचा कपाटभर नव्हे, खोलीभर ऐवज मिळतो. जुन्या पुस्तकांसाठी दर्यागंजचा रविवारचा बाजार. तो २०१९ मध्ये पदपथावरून उठवला आणि डिलाइट सिनेमासमोरच्या महिला हाटमध्ये हलवला. प्रबंधांसाठी ‘शोधगंगा’ हे संकेतस्थळ. इथं एक खुबी सांगतो. तिथं प्रबंध प्रकरणवार तुकड्यांत ठेवलेला असतो, आणि क्रमांक ८० च्या ‘रेकमेंडेशन’ नावाच्या फाइलमध्ये बहुधा मुखपृष्ठ आणि निष्कर्ष असतात. आधी ती उघडा; प्रबंध कामाचा आहे की नाही ते पाच मिनिटांत कळतं.

दिल्लीच्या गल्लीबोळांत ‘लायब्ररी’ अशी पाटी दिसली तर तिथं पुस्तकं शोधायला जाऊ नका. ती पुण्यातल्या सदाशिव पेठेतल्यासारखी अभ्यासिका असते: महिन्याच्या भाड्यानं खुर्ची, दिवा, प्लग आणि एसी. स्पर्धा परीक्षांच्या मुलांसाठी मुखर्जीनगर आणि ओल्ड राजेंद्रनगर भागात ती वाढली. २७ जुलै २०२४ रोजी ओल्ड राजेंद्रनगरात एका कोचिंग संस्थेच्या तळघरातल्या अभ्यासिकेत पावसाचं पाणी घुसून तीन विद्यार्थी बुडाले. त्यानंतर तळघरांना टाळी लागली. विद्यापीठाच्या वाचनदालनांत जागा पुरत नाही, खोलीत टेबल मावत नाही, म्हणून शांत खुर्चीसाठी मुलं पैसे मोजतात. आणि जी गुरुग्राम-फरीदाबादहून रोज येतात, त्यांचं वाचन मेट्रोत होतं, मोबाइलवर, उभ्यानं. दोन पानं एका आडव्या कागदावर असलेली पीडीएफ पाच इंचांच्या पडद्यावर वाचून पाहा, म्हणजे मुलं सारांशाकडे का वळतात ते समजेल.

एवढं सगळं करून हातात आलेली वीस पानं वाचायची कशी? एक उदाहरण घेऊ, तेही आपल्याच घरचं. डॉ. आंबेडकरांचा ‘कास्ट्स इन इंडिया’ हा निबंध समाजशास्त्राच्या आणि राज्यशास्त्राच्या वर्गात नेहमी भेटतो. ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठात गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या चर्चासत्रात त्यांनी तो वाचला. तेव्हा त्यांचं वय २५. पुढच्या वर्षी तो ‘इंडियन अँटिक्वेरी’त छापून आला. आज तो मिळतो महाराष्ट्र सरकारनं १९७९ मध्ये काढलेल्या समग्र वाङ्मयाच्या पहिल्या खंडात, वसंत मून यांनी संपादित केलेल्या. वीसेक पानं. दिल्लीतली यादी अशी कितीदा तरी महाराष्ट्रातूनच पुरवली जाते. मुंबईहून निघणारं ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’ काढून टाकलं तर तिथल्या निम्म्या याद्या पोकळ होतील.

वर्गातला ठरलेला प्रश्न असतो: ‘आर्ग्युमेंट काय आहे?’ ‘विषय जातिसंस्था आहे’, हे उत्तर चालत नाही. लेखक कुणाचं म्हणणं खोडतो आणि त्या जागी काय मांडतो, ते सांगावं लागतं. म्हणून वाचताना पहिल्यांदा माणसं शोधायची. आंबेडकर सुरुवातीलाच चौघांच्या व्याख्या समोर ठेवतात: सेनार, नेसफिल्ड, रिस्ले आणि केतकर. हे केतकर म्हणजे आपले ज्ञानकोशकार श्रीधर व्यंकटेश केतकर, जातिसंस्थेवरचं त्यांचं इंग्रजी पुस्तक १९०९ चं. आंबेडकर पहिल्या तिघांना अपुरं ठरवतात. केतकरांना ते मान देतात, कारण केतकर जातीकडे सुटी न बघता जातींच्या व्यवस्थेतला भाग म्हणून बघतात. पण केतकरांनी सांगितलेली दोन लक्षणं, जातीबाहेर लग्नाला बंदी आणि जन्मानंच सदस्यत्व, ही एकाच गोष्टीच्या दोन बाजू आहेत असं दाखवून ते पुढे सरकतात.

दुसऱ्यांदा वाचताना पायऱ्या मोजायच्या. जातीचं खरं लक्षण म्हणजे जातीतल्या जातीत लग्न. पण इथला समाज तर गोत्राबाहेर लग्न करणारा. तेव्हा बाहेर लग्न करण्याच्या रिवाजावर आत लग्न करण्याचा नियम लादला गेला, तेव्हा जात घडली. हा नियम टिकवायचा तर गटातल्या स्त्री-पुरुषांची संख्या सारखी राहायला हवी. नवरा मेला तर बाई ‘जास्तीची’, बायको मेली तर पुरुष ‘जास्तीचा’. मग त्या जास्तीच्या माणसांचं करायचं काय? सती, सक्तीचं वैधव्य आणि वयात न आलेल्या मुलीशी लग्न या रूढी या हिशेबातून निघाल्या, असं त्यांचं म्हणणं. त्यानंतर, एका वर्गानं स्वतःला कोंडून घेतलं आणि इतरांनी अनुकरण केलं, हे सांगायला ते फ्रेंच समाजशास्त्रज्ञ गाब्रिएल तार्द यांचा अनुकरणाचा सिद्धांत वापरतात. इथवर आलं की समासात एक शंका लिहायची. उदाहरणार्थ: अनुकरणानं जात पसरली हे मानलं, तर ज्यांना बाहेर ठेवलं गेलं त्यांच्या बाबतीत सक्तीचा वाटा किती? ट्यूटोरियलमध्ये शिक्षक याच शंकेची वाट बघत असतात.

हल्ली हीच पीडीएफ चॅटजीपीटीला देऊन दहा ओळींचा सारांश मागितला जातो. सारांशात ‘अंतर्विवाह हे जातीचं मूळ’ एवढं येतं, आणि ते बरोबरही असतं. गळून जातो तो ‘जास्तीच्या’ माणसांचा हिशेब, म्हणजे ज्या एका पायरीसाठी हा निबंध शंभर वर्षांनंतरही वाचायचा, तीच. केतकर तर हमखास गळतात. ज्यानं तळटीप धरून केतकरांपर्यंत जायचं ठरवलं त्याला ते पुस्तकही मिळतं. कॉपीराइट संपून फार वर्षं झाली.

सगळ्यांना हा वाचनाचा मार्ग खुला नाही, हेही सांगितलं पाहिजे. चिंतामणराव देशमुख १९६२ मध्ये कुलगुरू झाले त्याच साली दिल्ली विद्यापीठात पत्राद्वारे शिक्षण सुरू झालं. आजचं स्कूल ऑफ ओपन लर्निंग ते हेच. तिथले लाखो विद्यार्थी संस्थेनं तयार केलेल्या अभ्यास-पुस्तिका वाचतात, मूळ रीडिंगशी त्यांची गाठ क्वचित पडते. हिंदी माध्यमाच्या मुलांची अडचण वेगळी. यादी इंग्रजी, अनुवाद थोडे, त्यामुळे ‘कुंजी’ म्हणजे गाईड. विद्यापीठाचं हिंदी माध्यम कार्यान्वय निदेशालय पुस्तकं काढतं, पण याद्या बदलतात त्या वेगानं अनुवाद होत नाहीत.

आणि शिक्षक? यूजीसीच्या २०१८ च्या नियमांनुसार सहायक प्राध्यापकाला आठवड्याला १६ तास शिकवायचं, वरच्यांना १४. त्याखेरीज उत्तरपत्रिका, समित्या, प्रवेश. बढतीसाठी शोधनिबंधांचे गुण मोजले जाऊ लागले तेव्हापासून प्राध्यापकांचं बरंचसं वाचन स्वतःच्या पुढच्या लेखाला टेकू शोधण्यासाठी होतं. म्हणजे तेही पानापानानंच वाचतात: सारांश, निष्कर्ष, उद्धृत करण्याजोगा परिच्छेद. विषयाबाहेरचं पुस्तक उन्हाळ्याच्या सुटीवर ढकललं जातं. तरीही दहाव्यांदा शिकवत असलेली रीडिंग तासाच्या आदल्या रात्री पुन्हा वाचून येणारे शिक्षक तिथं आहेत, आणि मुलं ते पहिल्या पाच मिनिटांत ओळखतात. त्या वर्गाला हजेरीची सक्ती करावी लागत नाही.

या पद्धतीत खोट आहेच. तीन वर्षांत शंभर लेखकांची वीस-वीस पानं वाचलेला पदवीधर एकही ग्रंथ पहिल्यापासून शेवटपर्यंत न वाचता बाहेर पडू शकतो, आणि पडतो. पण अठराव्या वर्षी त्यानं आंबेडकर, केतकर, समाजशास्त्रज्ञ एम. एन. श्रीनिवास यांना परस्परांशी भांडताना मुळातून वाचलेलं असतं. गाईडवर पदवी मिळवलेल्या मुलाशी त्याची मुलाखतीत गाठ पडते तेव्हा फरक दिसतो तो इथंच.

आता सरकारी वर्गणीतली नियतकालिकं जळगाव, नांदेड, अमरावतीच्या विद्यापीठांतही उघडतात. कलम ५२ चं संरक्षण तिथंही आहे. तेव्हा आपल्याकडच्या अभ्यास मंडळांना एकच विनंती: येत्या जूनमध्ये अभ्यासक्रम छापताना ‘संदर्भग्रंथ’ म्हणून पंचवीस पुस्तकांची नावं देऊन थांबू नका. प्रत्येक घटकाखाली तीन लेखांची नावं द्या, आणि त्यांपुढे पान क्रमांक.